ब्लूम्सबरी स्ट्रीटचा अडत्या

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमपासून चार पावलांवर ब्लूम्सबरी स्ट्रीट आहे. तेथे २४ क्रमांकाच्या जागेत १८४८ पासून पुढे जवळजवळ वीस वर्षे सॅम्युअल स्टीव्हन्स नावाच्या गृहस्थाची पेढी होती. या पेढीवर दूरदूरच्या बंदरांतून लाकडी पेट्या येत. पेट्यांत भुंगेरे, फुलपाखरे, शंख-शिंपले, पक्ष्यांची वाळवलेली कातडी, माकडांची हाडे. पेटी उघडायची, वाटेत काय कुजले आणि काय वाचले ते पाहायचे, मालाची प्रतवारी करायची आणि मग गिऱ्हाइकांना कळवायचे. गिऱ्हाइके दोन जातींची होती: संग्रहालये आणि पैसेवाले हौशी. विक्री झाली की आपली अडत कापून उरलेली रक्कम माल धाडणाऱ्याच्या खात्यावर जमा.

आजचा धागा या माणसाविषयी आणि त्याच्या धंद्याविषयी आहे. लांबेल, सवडीने वाचावा.

निसर्ग-संग्रहालयांचा इतिहास आपल्याला बहुधा दोन पात्रांचा म्हणून सांगितला जातो. एक जंगलात जाणारा धाडसी संशोधक, दुसरा दालनात बसून नवनव्या जातींना लॅटिन नावे देणारा विद्वान. या दोघांच्या मधोमध जो उभा होता, ज्याने बोटीचे भाडे भरले, विमा उतरवला, भाव ठरवला आणि वसुली केली, त्याचा पुतळा कोठे दिसत नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या निसर्ग-दालनात गेले की बरोबरची मुले वाघाकडे धावतात आणि मी काचेतल्या चिठ्ठ्या वाचत मागे राहतो. कोणत्याही संग्रहालयात माझे असेच होते. प्राण्याचे नाव, सापडल्याचे ठिकाण, सापडल्याचे साल, कधी दात्याचे नाव. किंमत नसते आणि मधला माणूस नसतो.

या मधल्या माणसाविषयी मला कुतूहल आहे, त्याला घरगुती कारण आहे. माझ्या आजोबांची सांगलीच्या गणपती पेठेत हळदीची अडत होती. ज्यांनी बाजारपेठ जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: अडत्याकडे येणारा माल अडत्याचा नसतो. तो माल उतरवून घेतो, सौद्याला लावतो आणि विकल्यावर अडत, हमाली, तोलाई कापून शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी ठेवतो. पेरणीला, लग्नकार्याला उचल देतो. दलाल हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो आणि पुष्कळदा तो शोभतोही. काटा मारणारे मी त्याच पेठेत पाहिले आहेत. आजोबांचा मात्र एक दंडक होता. पोत्यावरची खूण बदलायची नाही. कोणत्या गावची हळद कोणत्या पोत्यात हे एकदा मिसळले की हळद हळदच राहते, पण तिच्याविषयी खात्रीने काही सांगता येत नाही. स्टीव्हन्सविषयी पहिल्यांदा वाचले तेव्हा हा परका माणूस मला ओळखीचा वाटला तो या खुणेमुळे.

१८४८ साली हेन्री बेट्स आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस हे दोन तरुण ब्राझीलला निघाले. दोघांपैकी कोणीही श्रीमंत घरचा नव्हता. डार्विनला ‘बीगल’वर जाताना बापाचा आधार होता, या दोघांना प्रवासाचा खर्च भुंगेऱ्यांतून आणि फुलपाखरांतूनच काढायचा होता. ब्रिटिश म्युझियममधल्या एडवर्ड डबलडे या कीटकतज्ज्ञाने त्यांना धीर दिला की उत्तर ब्राझीलचा मुलूख अजून फारसा कोणी धुंडाळलेला नाही, तेथला माल खपेल. माल खपवायला लंडनमध्ये माणूस हवा, तो स्टीव्हन्स. तो स्वतः भुंगेऱ्यांचा जाणकार होता आणि पुढे लंडनच्या कीटकशास्त्र मंडळाचा अनेक वर्षे खजिनदार होता. म्हणजे ज्या विद्वानांना माल विकायचा, त्यांच्याच बैठकीत तो बसत असे. विक्रीवर तो सुमारे वीस टक्के अडत घेई, शिवाय नूर आणि विम्यासाठी थोडे वेगळे. आजच्या कलादालनांचे दर ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे स्वस्तच वाटेल.

बेट्स ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे राहिला. त्याने १४,७१२ जाती गोळा केल्या, त्यांपैकी सुमारे ८,००० विज्ञानाला नव्या होत्या. अकरा वर्षांची त्याची निव्वळ कमाई भरली सुमारे ८०० पौंड. हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा हिशेबपट्टी हातात घेऊन आजोबांच्या गादीसमोर उभे असलेले शेतकरी आठवतात. पीक सोन्यासारखे आणि पट्टीत उरलेले एवढेसे.

वॉलेसची पहिली पट्टी तर जळालीच. १८५२ मध्ये तो ‘हेलन’ नावाच्या जहाजाने परत निघाला. ६ ऑगस्टला भर समुद्रात जहाजाने पेट घेतला. रिओ नेग्रोच्या अंतर्भागात गोळा केलेला बहुतेक सारा संग्रह, जिवंत पोपट आणि माकडे, सगळे त्याच्या डोळ्यांसमोर गेले. काही चित्रे असलेली एक पत्र्याची पेटी तेवढी त्याने उचलली. उघड्या होडीत दहा दिवस काढल्यावर एका मालवाहू जहाजाने त्यांना वर घेतले. ऑक्टोबरच्या १ तारखेला तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्याच्या अंगावर धड कपडे नव्हते. त्याला न विचारता, न सांगता स्टीव्हन्सने त्या मालाचा २०० पौंडांचा विमा उतरवून ठेवला होता. त्याने वॉलेसला आधी तयार कपड्यांच्या दुकानात नेऊन गरम कपडे घेऊन दिले, मग शिंप्याकडे नेले आणि शेवटी आपल्या आईकडे पाठवले. त्या माउलीने त्याला खाऊपिऊ घालून पुन्हा माणसांत आणले. विज्ञानाच्या इतिहासात याला किती ओळी मिळाव्यात हे मला सांगता येणार नाही. पण तो विमा नसता तर वॉलेस दीडच वर्षांत पुन्हा बाहेर पडू शकला असता का, हा प्रश्न टाळताही येत नाही.

मधल्या काळात वॉलेसने एक छोटासा निबंध वाचला, डिसेंबर १८५२ मध्ये, ॲमेझॉनच्या माकडांवर. त्यात त्याची एक तक्रार आहे आणि माझ्या मते या सगळ्या कथेचे मर्म त्या तक्रारीत आहे. संग्रहालयांतल्या नमुन्यांवर ठिकाण म्हणून ‘ब्राझील’, ‘पेरू’, नाही तर नुसते ‘दक्षिण अमेरिका’ असे लिहिलेले असते, असे तो म्हणतो. ॲमेझॉनसारख्या नदीच्या एका काठावर माकडाची एक जात असते आणि समोरच्या काठावर दुसरी. नमुना डाव्या काठाचा की उजव्या, हेच चिठ्ठीवर नसेल तर त्या माकडापासून शिकायचे काय? मेलेला प्राणी ही नुसती वस्तू. कोठे सापडला आणि केव्हा सापडला हे जोडले की ती पुरावा होते.

१८५४ च्या वसंतात तो सिंगापूरला उतरला आणि पुढची आठ वर्षे मलाय द्वीपसमूहात हिंडला. या वेळी त्याने तक्रार केली नाही, शिस्त पाळली. एकेका भुंगेऱ्याखाली टाचणीत ओवलेली एक इवलीशी गोल चकती आणि तिच्यावर बेटाचे नाव तीन-चार अक्षरांत. आठ वर्षांचा एकूण आकडा त्याने स्वतःच दिला आहे: १,२५,६६० नमुने. त्यांत पक्षी ८,०५०, फुलपाखरे आणि पतंग १३,१००, आणि भुंगेरे तब्बल ८३,२००. एका जातीचे एकच पाखरू धरून पोट भरत नसे. दुबार नमुने विकायचे आणि एक निवडक संच स्वतःच्या अभ्यासासाठी राखायचा. हा राखीव संच विकायचा नाही, अशा सूचना स्टीव्हन्सला वेळोवेळी जात आणि स्टीव्हन्सने त्या पाळल्या. हाताशी आलेला दुर्मीळ माल, समोर पैसे घेऊन उभे असलेले गिऱ्हाईक आणि मालक हजारो मैलांवर. अशा वेळी राखीव म्हणजे राखीव असे वागणारे अडते बाजारात किती असतात ते बाजारातल्यांना विचारावे.

त्या राखीव संचातून आणि त्या गोल चकत्यांतून पुढे काय निघाले ते आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत नकाशावर पाहिले आहे. बाली आणि लोम्बोक ही बेटे एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात. मध्ये एक अरुंद सामुद्रधुनी. अलीकडे आशियाचे पक्षी, पलीकडे ऑस्ट्रेलियाशी नाते सांगणारे. आज जिला वॉलेस रेषा म्हणतात ती रेषा म्हणजे हजारो चिठ्ठ्यांची बेरीज आहे. पेढीवर पेट्या फोडताना, संच वाटताना, चकत्यांची अदलाबदल झाली असती तर ती रेषा आखताच आली नसती.

स्टीव्हन्सने पेट्यांपलीकडेही बरेच केले. वॉलेसची पत्रे तो लंडनच्या नियतकालिकांत छापून आणी. ती जाहिरातही होती आणि विज्ञानही. त्या काळी या दोहोंत फार अंतर नव्हते. लोम्बोकहून १८५६ मध्ये गेलेल्या मालात एक पाळीव बदक होते आणि ते डार्विनसाठी आहे अशी सूचना स्टीव्हन्सला होती. विसाव्या शतकातल्या चरित्रकारांनी या दोन नावांवर पाने भरली आहेत, बदक पोचवणाऱ्याचे नाव ओझरते येते. सारवाकमध्ये बसून वॉलेसने १८५५ मध्ये नव्या जातींच्या उगमावर एक सैद्धान्तिक लेख छापला, तेव्हा काही निसर्गज्ञांनी नाराजी दाखवली की सिद्धान्त मांडत बसण्यापेक्षा या माणसाने आणखी माल गोळा करावा. हा निरोपही स्टीव्हन्सनेच पोचवला. अडत्या दोन्हीकडची बोलणी खातो, हे सर्वत्र सारखेच.

आणि पैसे? येथे कथा अचानक आपल्या अंगणात येते. वॉलेसच्या मालाचे जे पैसे साठत होते ते स्टीव्हन्सने वेळोवेळी गुंतवले, ते भारतातल्या हमीच्या रेल्वे रोख्यांत. वॉलेस परतल्यानंतर वर्षभरात त्यावर त्याला साधारण ३०० पौंड वार्षिक उत्पन्न होते, असे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे. ही हमी म्हणजे काय हे मुंबईकरांना ठाऊक असायला हवे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. तिला आणि तिच्यासारख्या इतर कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के व्याजाची सरकारी हमी होती, आणि नफा कमी पडला तर फरक भारताच्या महसुलातून भरला जाई. अर्थात मोलुक्का बेटांवरचे फुलपाखरू लंडनमध्ये विकले गेले आणि त्याचे व्याज आपल्याकडच्या रयतेने भरले. स्टीव्हन्सला यात काही वावगे दिसले नसेल. सुरक्षित गुंतवणूक म्हणून त्याने ती निवडली. पुढे वॉलेसने स्वतःच्या बुद्धीने खाणींत वगैरे पैसे घातले आणि गमावले.

या साखळीत अडत्याच्याही खाली एक माणूस होता. सारवाकचा अली नावाचा मलाय मुलगा वॉलेसकडे स्वयंपाक्या म्हणून लागला, मग बंदूक चालवायला आणि पक्षी सोलायला शिकला आणि अखेरपर्यंत बरोबर राहिला. पक्ष्यांच्या संग्रहात त्याच्या हातचा वाटा फार मोठा होता असे अलीकडचे अभ्यासक मानतात. १८५८ मध्ये बाचन बेटावर त्याने एक अनोळखी स्वर्गपक्षी मारून आणला, छातीवर हिरवी झळाळी आणि खांद्यांतून निघालेली दोन-दोन लांब पांढरी पिसे. ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज ग्रे याने त्या पक्ष्याला नाव दिले ते वॉलेसचे. निरोप घेताना वॉलेसने अलीला पैसे, बंदुका आणि बरेच सामान दिले. पक्ष्याला आपले नाव मिळणे ही गोष्ट मात्र दोघांच्याही हातात नव्हती. १९०७ च्या सुमारास टर्नाटे बेटावर एका अमेरिकन प्रवाशाला एक सुरकुतलेला म्हातारा भेटला. त्याने आपले नाव सांगितले ‘अली वॉलेस’.

स्टीव्हन्स एकटा नव्हता. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस येथे मेरी ॲनिंग कड्यांतून जीवाश्म काढून विकत असे. तिने आणि तिच्या भावाने १८११-१२ मध्ये काढलेला इक्थिओसॉर २३ पौंडांना गेला आणि हात बदलत ब्रिटिश म्युझियममध्ये पोचला. तिने शोधलेल्या प्लेसिओसॉरवर १८२४ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीत व्याख्यान झाले, त्यात तिचे नाव घेतले गेले नाही. बव्हेरियातला डॉक्टर कार्ल हेबरलाइन याने पिसांचा ठसा असलेला आर्किऑप्टेरिक्स आणि त्याच्याबरोबर इतर जीवाश्मांचा ढीग १८६२ मध्ये लंडनला ७०० पौंडांना दिला. अमेरिकेत हेन्री वॉर्ड याने तर रॉचेस्टर गावी १८६२ पासून कारखानाच उघडला. संपूर्ण संग्रहालय भरून हवे असेल तर तेही मिळे. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातला त्याचा संग्रह फील्ड म्युझियमच्या पायात गेला. वॉर्डचाच माणूस विल्यम हॉर्नडे १८७७ मध्ये भारतात आला आणि इटाव्याजवळ यमुनेत त्याने सुसरी मारल्या, एकदोन नव्हे, डझनांनी. कारण मागणी तशी होती.

आता काळी बाजू. ती टाळून हा धागा पुरा करता येणार नाही.

पॅरिसमध्ये व्हेरो बंधूंची पेढी होती, कसब आणि पसारा दोन्ही बाबतींत युरोपातली नावाजलेली. त्यांच्या मालावरच्या ठिकाणांच्या नोंदी बेभरवशाच्या म्हणून पक्षिशास्त्रज्ञांत कुप्रसिद्ध आहेत. कोठला पक्षी कोठलाही म्हणून विकला जाई. पण खोटी चिठ्ठी हा त्यांचा लहान अपराध. १८३० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत नुकत्याच पुरलेल्या एका त्स्वाना पुरुषाचा देह उकरून त्यांनी पॅरिसला नेला आणि जनावराप्रमाणे पेंढा भरून मांडला. तो विकला गेला आणि १९१६ पासून स्पेनमधल्या बान्योलेस गावच्या संग्रहालयात काचेआड उभा राहिला, थेट १९९७ पर्यंत. २००० साली तो आफ्रिकेत परत गेला आणि बोट्स्वानाची राजधानी गॅबोरोन येथे पुरला गेला. त्याचे नाव कोणालाही कळलेले नाही. याच पेढीचा एक देखावा, उंटावरच्या अरब स्वारावर सिंहांचा हल्ला, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजला आणि पुढे पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियममध्ये आला. २०१७ मध्ये दुरुस्तीच्या वेळी तपासणी झाली तेव्हा त्या स्वाराच्या पुतळ्याच्या डोक्यात खरी मानवी कवटी निघाली. दीडशे वर्षे शाळकरी मुले त्याच्यासमोर उभी राहत होती.

धंदा सचोटीचा असला तरी बाजाराचा म्हणून एक नियम असतो आणि तो जीव घेतो. पीक कमी आले की हळदीचा भाव चढतो, चढलेला भाव पाहून पुढल्या वर्षी लोक अधिक हळद लावतात. पक्ष्याचे तसे नाही. उत्तर अटलांटिकचा ग्रेट ऑक विरळ होऊ लागला तसतशी प्रत्येक संग्रहाला त्याची कातडी हवी झाली. जून १८४४ मध्ये आइसलंडजवळच्या एल्डे खडकावर एका व्यापाऱ्याच्या मागणीवरून तीन माणसे उतरली आणि त्यांनी शेवटचे ज्ञात जोडपे गळा दाबून मारले. पुढे त्याची अंडी लंडनच्या ज्या लिलावघरात शेकडो गिनींना जात, ते सॅम्युअल स्टीव्हन्सच्या भावाच्या नावाने चालत होते. आजोबांच्या पोत्यावरच्या खुणेने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे मला मान्य आहे.

तरी खोट्या चिठ्ठ्या लिहिणारे सगळे व्यापारीच होते असे समजू नये. उलट ज्याला उद्या त्याच गिऱ्हाइकाच्या दारात जायचे आहे, त्याला एका मर्यादेपलीकडे खोटे परवडत नाही. ज्याला विकायचेच नाही, फक्त मिरवायचे आहे, त्याला कोण अडवणार? विसाव्या शतकातले पक्षिविज्ञानातले सर्वांत मोठे चोरीप्रकरण एका सधन घराण्यातल्या लष्करी अधिकाऱ्याचे आहे. कर्नल रिचर्ड माइनर्टझहागेन. त्याने सुमारे वीस हजार पक्षी ब्रिटिश म्युझियमला दान दिले. त्यांपैकी कित्येक त्याच म्युझियममधून चोरलेले होते आणि त्यांवर त्याने नव्या जागा, नव्या तारखा लिहिल्या होत्या.

त्या चोरीची झळ महाराष्ट्राला लागली. रानपिंगळा हा मध्य भारतातला छोटा घुबडवर्गीय पक्षी, १८७३ मध्ये ह्यूमने वर्णिलेला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे जेमतेम सात नमुने. शेवटचा नमुना माइनर्टझहागेनचा, १९१४ सालचा, गुजरातेत तापीकाठच्या मांडवीचा असे चिठ्ठी सांगत होती. त्यानंतर पक्षी दिसलाच नाही. तो नामशेष झाला असे पुष्कळांनी धरून चालले. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो नव्याने भरलेला होता, पण आत जुन्या हाताच्या खुणा शिल्लक होत्या. मान कशी भरली होती, पंखांची हाडे कशी साफ केली होती, हे सगळे खानदेशात कलेक्टर असलेल्या जेम्स डेव्हिडसनच्या १८८० च्या दशकातल्या पद्धतीशी जुळत होते. मांडवी खोटी आणि १९१४ सालही खोटे.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट ही मंडळी खऱ्या चिठ्ठ्यांवरची जुनी ठिकाणे घेऊन निघाली. पूर्वेकडे शोध घेतला, हाती काही आले नाही. शेवटी ती खानदेशात पोचली, डेव्हिडसनने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जे गाव लिहून ठेवले होते तेथे. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ, एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा उन्हात बसलेला होता.